सहा महिने येरवडा आणि नंतरचं सगळं

मी छोटा हत्ती टेम्पो चालवायचो, मार्केट यार्डातनं पहाटे माल भरायचा आणि वाघोली साइडला टाकायचा. २०१६ साली खराडी बायपासजवळ फोन वाजला, व्यापारी विचारत होता कुठं पोचलास, आणि मी "आलोच" म्हणेपर्यंत सायकलवरचा माणूस गाडीखाली होता. वॉचमन होता, नाइट करून घरी चाललेला. मी पळालो नाही, एवढंच काय ते.

जामीन लगेच झाला, ३०४ अ, म्हणजे निष्काळजीपणानं जीव गेल्याचं कलम, जामीनपात्र होतं ना. मला वाटलं सुटलो. पण शिवाजीनगर कोर्टात पाच वर्षं तारखा, मग सहा महिने सक्तमजुरी, अपील केलं तेही फेटाळलं. (तेव्हा जास्तीत जास्त २ वर्षं होती, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात कलम १०६ आहे, ५ वर्षांपर्यंत जाऊ शकतं. ड्रायव्हर लोकांना सांगून ठेवतो.) नुकसानभरपाईचा दावा वेगळा चालतो, तो इन्शुरन्सनं भरला, म्हणून नातेवाईक म्हणायचे मिटलं की आता. काय मिटलं?

आत फार काही सांगण्यासारखं नाही. केस चालू असलेले, तारखांना जाणारे ते कच्चे कैदी, शिक्षा लागलेले आम्ही पक्के. मला सुतारकामात टाकलं, रंधा धरायला तिथंच शिकलो. सगळे म्हणायचे तुझा काय गुन्हा, ॲक्सिडेंटच तो. घरी पण तेच, बायको तेच, आई तेच. हे ऐकून बरं वाटायला पाहिजे पण मला उलटं व्हायचं, कारण फोन मी उचलला होता, नशिबानं नाही.

बाहेर आल्यावर खरी कसरत. सुटकेचा कागद जपून ठेवा, झेरॉक्स काढून ठेवा, लागतो. एका सिक्युरिटीवाल्याच्या फॉर्मवर "शिक्षा झाली आहे का" पुढं मी नाही लिहिलं, वीस दिवसांनी पोलीस व्हेरिफिकेशन आलं आणि हाकललं, पगार पण बुडाला. त्यानंतर ठरवलं, विचारायच्या आधीच सांगायचं. चार ठिकाणी "कळवतो" म्हणाले, कळवलं कुणीच नाही. पाचवा कोंढव्यातला फर्निचरवाला, शेठनं एकच विचारलं,
"पिऊन होतास?"
"नाही शेठ, फोन घेतला होता."
"मग इथं मशीनवर फोन घ्यायचा नाही."
झालं, दुसऱ्या दिवशी कामावर.

त्या वॉचमनच्या घरी जायचं फार मनात होतं. वकील केस चालू असताना नको म्हणाले होते, आता अडवणारं कुणी नाही, तरी जमलेलं नाही. मी गेलो तर बरं मलाच वाटणार, त्यांना काय?

गाडी परत चालवली नाही. माल पोचवायला टेम्पो निघाला की मी क्लिनर साइडला बसतो, ड्रायव्हर पोरगं आहे बावीस वर्षांचं, त्याचा फोन माझ्या खिशात. चिडतं ते. वाजला की मी उचलतो आणि सांगतो, गाडी चालू आहे, पोचल्यावर करेल.