सरांनी दिलेला दगड

मी नागपुरात पीएच.डी.साठी नाव नोंदवले, तेव्हा सरांनी माझ्या हातात पहिल्यांदा ठेवला तो एक काळपट चर्ट, म्हणजे गारगोटीसारखा कठीण दगड. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या या दगडांत, दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पती अगदी पेशींसह टिकून आहेत. तो तुकडा सरांनी स्वतः वेचून कित्येक वर्षे जपला होता, आणि त्यात एक फळ असावे असा त्यांचा अंदाज होता. असा नमुना कोणीही आधी स्वतःसाठी ठेवेल. सरांनी मात्र तो माझ्या प्रबंधासाठी दिला.

दगड कापायचा, कार्बोरंडमच्या कठीण, खरखरीत भुकटीवर घासायचा, हायड्रोफ्लोरिक आम्लाने पृष्ठभाग किंचित झिजवायचा, मग अ‍ॅसिटोन ओतून सेल्युलोज अ‍ॅसिटेटची फिल्म बसवायची आणि वाळल्यावर सावकाश सोलायची, की वनस्पतीचा पातळ थर फिल्मवर उतरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो. हे आम्ल हाडापर्यंत इजा करते, म्हणून आमचा हात बसेपर्यंत ते काम सर स्वतः करत आणि आम्हाला दोन पावले मागे उभे करत. माझ्या पहिल्या बारा फिल्म फाटल्या, तरी ते एकदाही रागावले नाहीत. तेराव्या फिल्मवर बीजकोश स्पष्ट दिसला, तेव्हा सूक्ष्मदर्शकापासून बाजूला होत ते म्हणाले, "आधी तू नीट बघून घे, मी नंतर बघतो."

त्या शोधनिबंधावर त्यांनी माझे नाव पहिले घातले. तो दगड अजूनही माझ्या टेबलावर आहे आणि आता माझ्याकडे दोन विद्यार्थिनी काम करतात.