पाकीट उलटं करून वाचा

ब्रिटनमधल्या लेस्टर शहरात आमच्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मधुमेहाच्या पेशंटसाठी एक वेगळी नर्स आहे. यंदा वार्षिक तपासणीला गेले तेव्हा तिनं खणातून फ्रोझन जेवणाचं एक रिकामं खोकं काढून माझ्यासमोर ठेवलं. चिकन करी आणि भात, 400 ग्रॅम. पुढच्या बाजूला रंगीत पट्टी: फॅट हिरवं, सॅच्युरेटेड फॅट हिरवं, साखर हिरवी, मीठ तेवढं पिवळं. "हे घ्याल का?" तिनं विचारलं. शुगर असलेला कोणीही घेईल असंच ते दिसत होतं. मग तिनं खोकं उलटं केलं आणि मागच्या तक्त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. कर्बोदकं, 66 ग्रॅम. "पुढच्या पट्टीत हा आकडा कुठेच नाही," ती म्हणाली, "आणि तुम्हाला सगळ्यात आधी हाच बघायचाय."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. ही रस्त्यावरच्या सिग्नलच्या रंगांची पट्टी ब्रिटनमध्ये 2013 पासून आजच्या रूपात आहे. ती ऐच्छिक आहे, तरी बहुतेक मोठी दुकानं छापतात. तिच्यात उष्मांक, फॅट, सॅच्युरेटेड फॅट, साखर आणि मीठ असतं. पिष्ट, म्हणजे भात, बटाटा, पास्ता, मैदा यांतलं कर्बोदक, तिच्यात येतच नाही. 100 ग्रॅममागे साखर 5 ग्रॅम किंवा त्याहून कमी असली की रंग हिरवा. या हिशोबानं नुसत्या पांढऱ्या भातालाही साखरेचा हिरवा रंग मिळतो. पण त्याच भाताचं पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं आणि दोन तासांनी ते ग्लुकोमीटरवर दिसतं. मधुमेही माणूस सवयीनं आधी 'साखर' शोधतो, तिथे हिरवा रंग दिसतो आणि तो निश्चिंत होऊन पाकीट टोपलीत टाकतो. ज्याच्यासाठी माहिती सगळ्यात मोलाची, त्यालाच ती पाकिटाच्या पाठीवर, बारीक अक्षरांत शोधावी लागते. मला याचा मनापासून राग येतो. हृदयविकार आणि लठ्ठपणा डोळ्यांपुढे ठेवून पट्टी केली असेल, ते समजतं. पण मधुमेह हा काही दुर्मिळ आजार नव्हे. निदान आमच्या लेस्टरमध्ये तर नाहीच. इथल्या देशी वस्तीच्या बेलग्रेव्ह रोडवर दहा घरं घेतली तर किती घरांत मेटफॉर्मिनची, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं निघतील, हे कोणालाही विचारा.

तक्रार करताना दुसरी बाजूही सांगायला हवी. मागचा तक्ता 2016 च्या डिसेंबरपासून इथे सक्तीचा आहे. मधुमेहाची औषधं घेणाऱ्याला इंग्लंडमध्ये औषधांचे पैसे पडत नाहीत, एक सूट-प्रमाणपत्र मिळतं. पायांची तपासणी, डोळ्यांच्या पडद्याचे फोटो, लघवीतलं प्रथिन, सगळ्यासाठी बोलावणं येतं, आपल्याला मागे लागावं लागत नाही. पुण्यात माझ्या काकांचा पडदा खराब झाला तेव्हा तो तपासायचा असतो हेसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं. या बाबतीत मी या देशाची ऋणी आहे.

आता मी पाकीट कसं वाचते ते सांगते. नर्सनं मला एका जेवणाला साधारण 45 ग्रॅम कर्बोदकांचा अंदाज आखून दिलाय. तो माझ्या औषधांना आणि माझ्या वजनाला धरून आहे, तुमचा वेगळा असेल. ग्लिक्लाझाइड (शुगर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर कर्बोदकं एकदम कमी करू नका, शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, आधी डॉक्टरांशी बोला. मी पहिल्यांदा बघते, आकडे पूर्ण पाकिटाचे आहेत की अर्ध्या पाकिटाचे. अर्ध्याचे लिहिलेले असतात आणि आपण खातो पूर्ण. मग कर्बोदकं, मग फायबर, मग प्रथिनं. शेवटी मीठ. इथे मोठ्यांना दिवसाला 6 ग्रॅमच्या आत मीठ सांगतात, आणि एकाच जेवणात 2 ग्रॅम निघालं तर ब्लडप्रेशरवाल्यांनी ते परत ठेवावं. भारतातून आणलेल्या पाकिटावर मिठाऐवजी सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचनं गुणलं की मिठाचा आकडा मिळतो.

न्यू जर्सीच्या माझ्या नणंदेशी यावरून बराच वाद झाला. तिच्या पाकिटांवर कर्बोदकं नेहमी जास्त दिसायची. अमेरिकेत एकूण कर्बोदकांत फायबर धरतात, इथे ते वेगळं लिहितात. त्यामुळे तिकडच्या आकड्यातून फायबर वजा केल्याशिवाय आमच्या आकड्याशी तुलना होत नाही. तिच्याकडे वरून घातलेली साखर वेगळ्या ओळीत छापतात, ते मात्र इथेही हवं असं मला वाटतं.

आपल्या देशी फ्रीझरचं काय? तिथे मी जास्त कडक असते, कारण तिथे माया आड येते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, आणि नावात मिरवलेल्या पदार्थाची टक्केवारी द्यावी लागते. मेथी पराठ्याचं पाकीट उलटं केलं तर मैदा सगळ्यात वर आणि मेथी 6 टक्के, असं सर्रास दिसतं. बहुधान्य म्हणवणाऱ्या रोटीचंही तेच. ती पाकिटं आमच्या घरात येत नाहीत. पण त्याच फ्रीझरमधली भेंडी, गवार, तोंडली, मेथी, तुरीचे दाणे, खवलेला नारळ यांनी माझा संसार चालतो. काढल्यावर लगेच गोठवलेल्या भाजीतली जीवनसत्त्वं चांगली टिकतात, उलट इथल्या दुकानात दूरच्या देशांतून प्रवास करून आलेली 'ताजी' भेंडी कधी खुडली होती, देव जाणे.

घरून फोन आला की हमखास ऐकू येतं, "तिकडे जाऊन शिळंच खाता." मी दुपारच्या पाळीला असते, घरी पोचायला साडेदहा होतात. त्या वेळी कणीक मळून भाजी फोडणीला टाकणं मला जमत नाही. आणि जमत नाही म्हणून वडापाव किंवा बिस्किटांवर रात्र काढणाऱ्या बायका मी मुंबईतही पाहिल्या आहेत. त्यापेक्षा 30 ग्रॅम कर्बोदकांची, भाताशिवायची चिकन करी किंवा राजमा, त्यात मूठभर गोठवलेली फरसबी, शेजारी काकडीची कोशिंबीर आणि एक फुलका, हे जेवण चांगलं आहे. अर्धं ताट भाजीनं भरा, पाव ताट प्रथिनं, पाव ताट धान्य, असं इथे शिकवतात. आपली भाजी, उसळ, कोशिंबीर, ताक त्यात सहज बसतात. भातावर पोळी आणि पोळीवर भात तेवढा बसत नाही.

आपल्या लोकांनी हे जास्त मनावर घ्यायला हवं, त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ आणि आत चरबी, ही आपली ठेवण पुण्यातल्या संशोधनानं जगापुढे मांडली. त्याचा मला अभिमान वाटतो. इथे दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा 25 ऐवजी 23 धरतात.

मी आमच्या भागाच्या खासदारांना पत्र पाठवलंय, पुढच्या पट्टीत कर्बोदकांचा आकडा छापा म्हणून. ब्रिटनमधल्या वाचकांनीही आपापल्या खासदारांना लिहावं. आणि भारतातल्या घरच्यांसाठी एक गोष्ट: एफएसएसएआय या तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2022 मध्ये पदार्थ किती आरोग्याला चांगला हे दाखवणारे तारे पाकिटावर छापायचा मसुदा काढला होता. त्यातही उष्मांक, सॅच्युरेटेड फॅट, साखर आणि सोडियम यांचेच उणे गुण होते, पिष्टाचे नव्हते. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीप्रमाणे भारतात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत. पुन्हा सूचना-हरकती मागवल्या, तर कर्बोदकांचा आकडा पाकिटाच्या पुढच्या बाजूला हवा, एवढं नक्की लिहून पाठवा.