पहिल्या पसंतीचा रकाना

गुरुवार, रात्री साडेदहा. सांगली

एमबीए प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायला उद्या पाचपर्यंत मुदत आहे. खालची सात कॉलेजं क्रमानं लावून झालीत. वरचा पहिला रकाना तेवढा चार दिवस झाले बदलतेय, सकाळी पुणे, रात्री मुंबई. पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर ती जागा घ्यावीच लागते, पुढच्या फेरीची वाट बघता येत नाही. म्हणून त्या एका ओळीपाशी येऊन हात थांबतो.

बाहेर पाऊस लागून राहिलाय. जेवताना बाबांनी दोनदा मोबाइलवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघितली. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. अजून बरंच खाली आहे. पण २०१९ च्या पुरानंतर आमच्या गावभागात जुलै-ऑगस्टमध्ये कुणी निवांत जेवत नाही.

एमबीए करायचं हे पक्कं आहे, प्रश्न फक्त गावाचा आहे. आईचं म्हणणं कोल्हापूर. पन्नासेक किलोमीटर, सकाळी एसटीनं जायचं, रात्री घरचं जेवण. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासूनचं, आमच्या घरातले चौघं तिथूनच पदवीधर झाले, तिचं काही चुकत नाही. काका म्हणतात पुणे, चार-पाच तासांत घरी येशील. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या एका गृहस्थांकडंही जाऊन आले. अर्धा तास ते फक्त पॅकेजचे आकडे सांगत होते. मला काय शिकायचंय हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. घरचे पैसे होते ते.

मला काय शिकायचंय ते मात्र मला नेमकं माहीत आहे. त्याचा दिवससुद्धा लक्षात आहे.

बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. बी.कॉम. झाल्यावर मीही तिथंच बसू लागले. पट्ट्या करायच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा भाव आणि कपात लिहिलेल्या पावत्या, शिवाय जीएसटी, ई-वे बिलं. गेल्या वर्षी वाळवा तालुक्यातले एक आजोबा त्यांची पट्टी हातात धरून माझ्या टेबलापुढं उभे राहिले. हमाली, तोलाई सगळं वाचून झालं. मग म्हणाले, "पोरी, मागच्या आठवड्यापेक्षा एवढा कमी का गं लागला? माल तर त्योच हाय." मी बाबांकडं बघितलं. बाबा म्हणाले, "वरून मंदी आहे, आजोबा." आजोबांनी पट्टी चार घड्या घालून टोपीत ठेवली आणि गेले.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, वरून म्हणजे कुठून? बाबा खरं सांगणारे आहेत. म्हणाले, "मला तरी कुठं ठाऊक आहे. आमचे मालक म्हणतात, म्हणून आम्ही म्हणतो."

पूर्वी याला निदान एक उत्तर होतं. भाव नसेल तर माल हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात टाकायचा. जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही, रंग चढायचा. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, आधी कंदील खाली सोडून हवा तपासायची, हे बाबांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं कायमची गेली. आता थांबायचं तर गोदामाचं भाडं आणि डोक्यावर कर्जाचं व्याज. म्हणून आजोबांसारख्याला त्याच दिवशी, त्याच भावाला माल सोडावा लागतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, यार्डात पेढे वाटले. ते पेढे मीही खाल्ले होते.

तर गेल्या महिन्यात दोन्ही शहरं बघून आले.

पुणं मला मनापासून आवडलं. विद्यापीठातला १९७१ पासूनचा व्यवस्थापन विभाग बघितला, त्या झाडीत दोन वर्षं राहावं असं वाटलं. सहकाराचं व्यवस्थापन शिकवणारी वैकुंठ मेहता संस्था तिथंच आहे, कृषी व्यवसायाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. तिची प्रवेशाची वाट वेगळी, ती या वर्षी माझ्या हातून निसटली, हे दुखतंच. कात्रजला मैत्रिणीच्या खोलीवर राहिले. सहाच्या सहा पोरी सांगली-मिरजेच्या, डब्यात भडंग. दोन दिवसांत एकदाही परगावी आल्यासारखं वाटलं नाही.

मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेले. डोंबिवलीला आत्याकडं उतरले, आंघोळ करून तिच्याबरोबर लोकलनं चर्चगेटपर्यंत. जमनालाल बजाज संस्था बाहेरून बघितली. १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्यानं सुरू झालेली. माझे पर्सेंटाइल तिथं पुरत नाहीत, ते माहीत असूनही फाटकापाशी पाच मिनिटं उभी राहिले. माझ्या आवाक्यातलं आहे ते वांद्र्याचं एक कॉलेज. पुण्याच्या पर्यायापेक्षा नावानं थोडं खाली, फीनं बरंच वर.

खरं मन वळलं ते दुसऱ्या दिवशी, वाशीच्या मसाला मार्केटमध्ये. बाबांच्या मालकांचा माल जातो त्या गाळ्यावर गेले होते. हळदीचा तोच वास, गोणीवर आमच्या यार्डाची खूण. तिथल्या शेठनी गोणीतून एक हळकुंड उचललं, कट्कन मोडलं, आतला रंग उजेडाकडं धरून बघितला. अगदी बाबा करतात तसंच, अंगठा तिथंच ठेवून. फरक एवढाच, की त्यांच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता आणि त्यावर हळदीचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव, हलत होता.

त्यांनी मला समोर बसवून तासभर समजावलं. वायदा चालतो तो एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात, त्याचं कार्यालय मुंबईतच. त्या वायद्याचा पाया निजामाबादचा माल. म्हणजे आमच्या राजापुरी हळदीचा सौदा सांगलीत उघड बोलीनं होत असला, तरी बोली बोलणाऱ्याच्या डोक्यात निजामाबादचा आकडा असतो, त्यात प्रत, वाहतूक, न्हावाशेवा बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाची मागणी धरून तो वरखाली करतो. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं, त्याचं मुख्यालयही निजामाबादलाच. सांगलीनं हे मनाला लावून घेतलंय, मीही घेतलंय. पण नुसतं मनाला लावून घेऊन आजोबांच्या पट्टीवर एक रुपया वाढत नाही. हा हिशोब येणारं माणूस आमच्या यार्डात शेतकऱ्याच्या बाजूनं बसलं पाहिजे.

आजोबांना सांगितलेलं 'वरून' मला त्या गाळ्यावर पहिल्यांदा दिसलं. तिथली माणसं आमच्यासारखीच आहेत, त्यांच्याकडं बातमी आधी पोचते एवढंच. दोन वर्षं वर्गात काय शिकवतील ते दोन्हीकडं साधारण सारखंच असेल. पण शनिवारी वर्ग सुटल्यावर वांद्र्याहून मी वाशीला जाऊ शकते, वायदे बाजारात, बँकांत उन्हाळी इंटर्नशिप मागू शकते. पुण्यातून ते होणार नाही असं नाही, पण दर वेळी प्रवास करून जावं लागेल, आणि मी स्वतःला ओळखते, कात्रजच्या त्या खोलीत मी रमून जाईन.

पैशांचं बोलणं झालंय. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत विनातारण मिळतं, बँकेतून कागदांची यादी आणलीय. पहिलं वर्ष आत्याकडं राहायचं.

राहिला पूर. २०१९ ला मी बारावीत होते. पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आजीला बोटीतून काढलं, त्याच्या आदल्या रात्री मी आणि बाबांनी दोघांनीच फ्रीज जिन्यावरून वर चढवला होता. बाबांची पाठ तेव्हापासून धरते. पुण्याहून मी चार-पाच तासांत पोचले असते, मुंबईहून रात्र जाते. चार दिवस रकाना बदलत होते तो यासाठी, कॉलेजच्या नावासाठी नाही. हे आज जेवताना बोलून टाकलं. बाबा काही बोलले नाहीत, ताटात हात धुऊन उठले.

शुक्रवार, रात्री

दुपारी दोन वाजता भरला फॉर्म. पहिल्या रकान्यात वांद्रे. ओटीपी बाबांच्या मोबाइलवर आला, त्यांनी आकडे एकेक करून वाचून दाखवले.

संध्याकाळी यार्डातून येताना ते दोन हमालांना घरी घेऊन आले. पाणी आज २१ फूट आहे, तरी फ्रीज वरच्या खोलीत गेला. आता तो तिथंच राहणार म्हणे. आई कुरकुरतेय, दुधासाठी दर वेळी जिना चढायचा. खाली त्या जागेवर भिंतीला चौकोनी डाग राहिलाय, उद्या पुसून घेते.