तुम्ही विचारलंत म्हणून : यातला खरा कागद कोणता?

माझं सासर स्कॉटलंडचं. नवऱ्याच्या घराण्याची वंशावळ मी जुळवतेय हे कळल्यापासून ओळखीचे लोक, इथले आणि पुण्याचेही, हमखास विचारतात : तीन कागद तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतील, तर तुम्ही खरा कोणता धरता?

सरसकट कोणताच नाही. काय लिहिलंय याआधी मी बघते ते कुणी सांगितलं, आणि तसं सांगण्यात त्याचा काही फायदा होता का.

नवऱ्याचे खापरपणजोबा स्काय बेटावरचे. १८४१च्या शिरगणतीत वय ३०, १८५१च्या शिरगणतीत ४४. दहा वर्षांत माणूस चौदा वर्षांनी मोठा झाला! पण इथे खोटं कुणीच बोललेलं नाही. १८४१ साली मोजणी करणाऱ्यांना सूचनाच होती की पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची. ३४ होते, ३० लिहिले.

त्यांच्या धाकट्या भावाचं प्रकरण निराळं. १८५१ला तो ४१ वर्षांचा आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या जहाजाच्या यादीत ३६चा. १८४६पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून पश्चिमेकडच्या बेटांवर उपासमार चालली होती. हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटीनं १८५२ ते १८५७ या काळात जवळपास ५,००० माणसं ऑस्ट्रेलियाला पाठवली. तिथे हवी होती ती तरणी, कामाची कुटुंबं. पोरांना घेऊन निघालेल्या बापानं सहा वर्षं खाल्ली तर मी त्याला बोल लावत नाही. फक्त त्याचं जन्मसाल काढायला ती यादी वापरत नाही.

जन्माची नोंदच का बघत नाही, असंही कुणी म्हणतं. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली १८५५ साली. त्याआधी सगळी भिस्त चर्चच्या वह्यांवर, आणि स्कायमधल्या बऱ्याच वह्या एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात. (१८५५चे दाखले मात्र माहितीनं इतके ठासून भरलेले, की त्या साली आपलं कुणी गेलेलं निघालं तर वंशजांना चोरून आनंद होतो. पुढच्याच वर्षी सरकारनं रकाने कमी केले.)

आमच्याकडे खरा घोळ झाला तो दोघा भावांच्या आईच्या नावाचा. खापरपणजोबा ग्लासगोत वारले. त्यांच्या दाखल्यावर आईचं नाव मेरी. माहिती देणारा जावई. त्यानं बायकोच्या आजीला कधी पाहिलंही नसावं. भाऊ वारला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात. तिथला दाखला आणखी भरघोस : जन्मगाव, आईवडील, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी झालं, मुलं किती, वसाहतीत किती वर्षं काढली. त्यावर आई मॅरियन. सांगणारा पोटचा मुलगा. आईचं माहेरचं आडनाव दोन्हीकडे एकच. स्कॉटलंडच्या कागदांत बाईचं माहेर टिकून राहतं, हे आपलं भाग्य. माझ्या स्वतःच्या पणजीचं माहेरचं नाव मला कुठल्याही कागदात सापडलेलं नाही. लग्नात तिचं पहिलं नावसुद्धा बदललं होतं.

मुलाचा शब्द जावयापेक्षा भारी, पण तेवढ्यावर मी थांबले नाही. तिकडे जुनी रीत अशी : थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, थोरल्या मुलीला आईच्या आईचं आणि दुसरीला वडिलांच्या आईचं. याच रितीमुळे एकेका गावात एकाच नावाचे चारचार चुलतभाऊ निघतात आणि डोकं उठतं. ती सगळ्यांनी काटेकोर पाळली असंही नाही. पण इथे तिनं काम केलं. स्कायमध्ये थोरल्याची दुसरी मुलगी मॅरियन, धाकट्याचीही दुसरी मॅरियन. मुलीचं नाव ठेवताना कुणाला वय लपवायचं नव्हतं की बोटीत जागा मिळवायची नव्हती.

कॅनडातली एक शाखा अजून मेरीवर ठाम आहे. इंटरनेटवरच्या सगळ्या वंशावळींत मेरीच आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या सगळ्या ग्लासगोच्या त्याच दाखल्यावरून उतरवलेल्या, म्हणजे साक्षीदार पुन्हा तो एक जावईच. व्हिक्टोरियाच्या दाखल्याची प्रत मी त्यांना पाठवली आहे. माझ्या तक्त्यात मॅरियन लिहिलंय, आणि शेजारी कंसात : ‘मेरी, जावयाच्या सांगण्यावरून’.