सहा इंची आरसा, पावसाळा आणि सत्तरीकडे झुकलेले गुडघे

घरी बनवत असलेल्या दुर्बिणीसाठी मी सहा इंची आरसा हाताने घासते आहे. मागच्या नोंदीत त्याला हवी तेवढी अंतर्वक्र खोली मिळाल्याचे कळवले होते. त्यानंतरची बारीक घासणी आता संपली आहे, पॉलिश कडेपर्यंत पोहोचले आहे आणि सध्या फूको चाचणीच्या (आरशाचा आकार तपासण्याच्या पद्धतीच्या) सावल्या पाहत आरशाला गोलीय आकाराकडून अन्वस्ताकाराकडे, म्हणजे दूरचा प्रकाश एका बिंदूत आणणाऱ्या पॅराबोलाच्या आकाराकडे, नेण्याचे काम चालू आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी मोजमापे पुन्हा देते: काचेच्या चकतीचा व्यास १५२ मिलिमीटर, जाडी २५ मिलिमीटर, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे) सुमारे १२२० मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या आठपट, एफ/८. या नोंदीत आकड्यांच्या जोडीने वयाचाही हिशेब मांडणार आहे, कारण आपल्यापैकी बरेच जण निवृत्तीनंतरच या नादाला लागतात आणि आरसा घासण्याच्या हस्तपुस्तिका मात्र तरुण मनगटे, ताठ कंबर आणि निर्दोष डोळे गृहीत धरून लिहिलेल्या असतात.

एफ/८ हे प्रमाण का निवडले, असे दोघांतिघांनी विचारले होते. आजकाल आखूड नळीच्या, एफ/५ किंवा त्याहून कमी प्रमाणाच्या दुर्बिणींकडे कल आहे, कारण त्या गाडीत सहज मावतात. परंतु अंधारात तरुणपणी सात मिलिमीटरपर्यंत उघडणारी डोळ्याची बाहुली साठी-सत्तरीत बहुतेकांच्या बाबतीत पाचच्या आसपासच थांबते. एफ/५ च्या दुर्बिणीला ३२ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळ्याशी येणारे भिंग, लावली, तर बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ६.४ मिलिमीटर रुंद होतो आणि त्याची कड आपल्या बाहुलीबाहेर सांडते, म्हणजे आरशाचा कडेकडचा भाग आपण उगाचच घासलेला असतो. एफ/८ ला तीच नेत्रिका ४ मिलिमीटरचा झोत आणि ३८ पट वर्धन देते आणि सगळा प्रकाश डोळ्यात उतरतो. दुसरे कारण गुडघ्यांचे आहे. सव्वा मीटरची नळी सरळ वर रोखली, तरी नेत्रिका खुर्चीत बसून डोळा लावता येईल एवढ्याच उंचीवर येते. शिडी लागत नाही आणि फार वाकावेही लागत नाही. तिसरे कारण मात्र निव्वळ काचेचे आहे: हा आरसा गोलीयच राहिला, तरी प्रकाशलहरीतला दोष पाव तरंगलांबीपेक्षा जास्त नसावा, या रेलीच्या कसोटीच्या अगदी काठावर बसतो, त्यामुळे अन्वस्ताकार देताना अंगावर फारसे दडपण राहत नाही.

घासणीची जागा म्हणजे मागच्या खोलीतले पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे पिंप. त्यावर जाड प्लायचा तुकडा पक्का केला आहे, प्लायवर तीन ठोकळ्यांमध्ये टूल, म्हणजे घासणीची खालची चकती, बसते आणि त्यावर आरशाची चकती मागेपुढे सरकवायची असते. प्रत्येक काही स्ट्रोकनंतर चकती हातातल्या हातात थोडी फिरवायची आणि आपण स्वतः पिंपाभोवती उलट दिशेने एक पाऊल सरकायचे, एवढेच यातले तंत्र आहे. दोन पृष्ठे सर्व दिशांनी, सर्व स्थितींत एकमेकांवर घासली गेली की ती सर्वत्र चिकटून बसतील असा आकार गोलाचाच असतो. त्यामुळे घासणारा स्ट्रोकच्या बाबतीत जितका अनियमित, तितका गोल अचूक उतरतो. चकती वर असल्याने टूलच्या कडेबाहेर लोंबणाऱ्या भागाचे वजन वरच्या काचेच्या मध्यावर आणि खालच्या टूलच्या कडेवर येते, म्हणून वरची काच अंतर्वक्र आणि खालचे टूल बहिर्वक्र होत जाते.

पिंपाभोवतीच्या या चालण्याकडे मी प्रथम तंत्राचा भाग म्हणूनच पाहत होते. पुण्याच्या पावसाळ्यात आमच्या वयाच्या लोकांचे सकाळचे फिरणे बहुधा बंदच पडते, कारण शेवाळलेल्या फरशांवरून पाय घसरण्याची भीती असते, आणि जून ते सप्टेंबर आकाशही ढगांनी व्यापलेले असल्याने निरीक्षणही होत नाही. नेमके हेच चार महिने घासणीला सर्वांत सोयीचे ठरले. घासण्याच्या पुडीचा एक फेर, म्हणजे चमचाभर पूड आणि पाण्याचे काही थेंब टाकल्यापासून ती निकामी होईपर्यंतचा काळ, पाच ते दहा मिनिटांचा असतो. मग चकती उचलायची, गाळ पुसायचा, हवे तर बसायचे आणि पुन्हा उभे राहायचे. सकाळी काही फेर आणि संध्याकाळी काही, असे काम वाटून घेतले की पायांना चाल मिळते आणि कंबरेला मध्येच विसावाही मिळतो. जोर मात्र दंडाने न लावता अंगाच्या झुकावाने लावावा. कोपर शरीराजवळ ठेवले आणि पिंपाची उंची कोपराच्या किंचित खाली ठेवली, तर अंगठ्याच्या सांध्यावर ताण येत नाही. ज्यांना सांधेदुखी आहे त्यांनी मधल्या फेऱ्यांत चकती पंज्याच्या तळव्यांनी ढकलावी, बोटांनी पकडून ओढू नये.

कार्बोरंडम या घासण्याच्या पुडीचे ८०, १२०, २२०, ४०० आणि ६०० हे नंबर (नंबर मोठा तितकी पूड बारीक) आणि शेवटी ९ मायक्रॉनचा अॅल्युमिनियम ऑक्साइड असा क्रम ठेवला. खोली ८० नंबरवरच बहुतांश उरकली होती आणि ती मोजायला ड्रिलच्या बिटांचे दांडे उपयोगी पडले: आरशावर पोलादी पट्टी आडवी ठेवून मध्यभागी १.२ मिलिमीटरचा दांडा जेमतेम सरकला की झाले, कारण या मापांना अपेक्षित खोली १.१८ मिलिमीटर येते. त्यापुढच्या प्रत्येक नंबरचे काम एकच असते, आधीच्या नंबरने पाडलेले खड्डे नाहीसे करणे, आणि ते झाले की नाही हे डोळ्यांइतकेच कानांनाही कळते. नवी पूड टाकल्यावर जात्यात ज्वारी भरडल्यासारखा खरखरीत आवाज येतो, तो उतरत उतरत हलक्या सरसरीवर आला की त्या फेरातली धार संपली असे समजावे. खड्ड्यांची तपासणी सोनाराच्या भिंगाने, चकतीच्या मागून तिरका उजेड टाकून करते. मध्यावर सगळे सारखे दिसले तरी कडेचा शेवटचा अर्धा इंच नेहमी मागे राहतो, म्हणून निर्णय कडेवरच घ्यावा.

नंबर बदलताना सगळे धुण्याचा कंटाळा आला तरी तो करू नये, कारण ८० नंबरचा कण साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो आणि ६०० च्या टप्प्यावर असा एकच कण पृष्ठभर ओरखडा काढून जातो. प्रत्येक नंबरसाठी वेगळी वर्तमानपत्रे, वेगळा स्पंज आणि वेगळी बादली ठेवते. गाळ मोरीत न ओतता बादलीत बसू देते आणि वरचे पाणी काढून उरलेला चिखल कचऱ्यात टाकते. पूड कोरडी उडू देऊ नये, हे फुप्फुसांसाठी आहे आणि आपल्या वयात ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. ४०० नंबरच्या पुढे पाणी कमी पडले तर आरसा आणि टूल एकमेकांना घट्ट धरतात, म्हणून शेवटच्या टप्प्यांत चकती टूलवर तशीच ठेवून दारावरची घंटा वाजली तरी जाऊ नये.

पॉलिशसाठी राळेचा थर लागतो आणि या विषयावर बाहेरदेशीच्या हस्तपुस्तिकांचे माप आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाही. थंड हवेसाठी सांगितलेली राळ मे महिन्यात वाहू लागते, म्हणून राळेत मेण आणि एरंडेलाचे प्रमाण कमी ठेवून मिश्रण कडक केले आणि खोलीच्या तापमानाला नखाने दाबून पाहिले: सावकाश दाबल्यावर नखाची खूण उमटावी, पण झटकन दाबल्यास तुकडा उडावा, इतपत कडकपणा मला योग्य वाटला. राळ उघड्या ज्योतीवर वितळवू नये, विजेच्या शेगडीवर आणि खिडकी उघडी ठेवून वितळवावी. थर टूलवर ओतून तो आरशाच्या पृष्ठावर दाबून घेतला, चौकोनी चर पाडले आणि मधला चौकोन मुद्दाम केंद्रापासून हलवून ठेवला, नाहीतर आरशावर मध्याभोवती कडी उमटतात. मग सिरियम ऑक्साइड या पॉलिशच्या पुडीचे पातळ पाणी आणि पुन्हा पिंपाभोवतीची चाल. घासणीत काच किती गेली हे डोळ्यांना दिसत असते. पॉलिशमध्ये राखाडी पृष्ठ मध्यापासून हळूहळू पारदर्शक होत जाते आणि लेसरच्या ठिपक्याखाली धूसरपणा उरला नाही की काम कडेपर्यंत पोहोचले असे ठरते.

या टप्प्यावर खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलच्या पॉलिशची गोष्ट आपल्यात नेहमी सांगितली जाते: हात थांबू नये म्हणून तो एकदा सलग सोळा तास आरशाजवळ उभा राहिला आणि बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत होती. १७८१ मध्ये युरेनस ज्या दुर्बिणीतून सापडला तिचा आरसा ६.२ इंचांचा, म्हणजे आपल्या आरशाएवढाच होता. मला मात्र या गोष्टीतली कॅरोलिन अधिक महत्त्वाची वाटते. तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले, आणि १८२२ मध्ये भावाच्या निधनानंतर वयाच्या बहात्तराव्या वर्षी हॅनोव्हरला परतून त्याने पाहिलेल्या तेजोमेघांची क्रमवार यादी पुतण्या जॉनसाठी नव्याने लावून दिली. त्या कामासाठी रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८२८ मध्ये तिला सुवर्णपदक दिले, तेव्हा ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. सोळा तास उभे राहण्याचा आदर्श आपण विल्यमकडेच ठेवावा. थोडे थोडे, पण शिस्तीने पुढे नेण्याचे काम कॅरोलिनच्या पद्धतीने आपल्याला जमण्यासारखे आहे. आजच्या राळेला आणि सिरियमला सलग उभे राहण्याची मुळीच गरज नसते.

आता चाचणीविषयी. फूकोची पद्धत १८५० च्या दशकाच्या अखेरीची असली तरी तिच्या साधेपणाला तोड नाही: एलईडीचा बारीक उजेड आरशाच्या वक्रता-केंद्राशी, म्हणजे नाभीय अंतराच्या दुपटीवर, सुमारे २४४० मिलिमीटरवर ठेवायचा, परत येणारा झोत ब्लेडच्या कडेने कापायचा आणि आरशावर उमटणारी सावली पाहायची. माझ्या मांडणीत दिवा आणि ब्लेड एकाच सरकत्या पट्टीवर आहेत. नातवाला ही चाचणी समजावण्यासाठी मी अंगठा आरशावर काही सेकंद टेकवला. बोटाच्या उबेने काच तेवढ्या जागी फुगली आणि सावलीत स्पष्ट टेकाड उभे राहिले, ते मावळायला काही मिनिटे लागली. “आजी, काच श्वास घेते,” असे तो म्हणाला, आणि तेव्हापासून पॉलिशनंतर आरसा तासभर थंड होऊ देण्याचा नियम तोच काटेकोरपणे पाळून घेतो.

गोलीय पृष्ठावर सगळ्या वर्तुळाकार पट्ट्यांची सावली एकदम पडते. अन्वस्तात मध्य आणि कड वेगवेगळ्या अंतरांवर काळवंडतात. दिवा आणि ब्लेड एकत्र सरकत असतील, तर मध्यबिंदू आणि अगदी टोकाची कड यांतील फरक त्रिज्येच्या वर्गाला वक्रता-त्रिज्येच्या दुपटीने भागून मिळतो, आणि तो येतो १.१८ मिलिमीटर, म्हणजे घासताना ड्रिलच्या दांड्याने मोजलेल्या खोलीइतकाच. सूत्र एकच असल्याने हे होणारच, तरीही वहीत तोच आकडा दुसऱ्यांदा लिहिताना मजा वाटली. प्रत्यक्षात मी पुठ्ठ्याच्या झाकणातून २५, ५२ आणि ७० मिलिमीटर त्रिज्यांचे तीन पट्टे पाहते. सर्वांत आतल्या पट्ट्यापासून मधल्या पट्ट्यापर्यंतचा अपेक्षित फरक ०.४३ आणि कडेच्या पट्ट्यापर्यंतचा ०.८८ मिलिमीटर आहे. ताज्या वाचनांची सरासरी अनुक्रमे ०.४१ आणि ०.७० येते. मधला भाग जवळपास पोहोचला आहे आणि कड अजून गोलाकडे झुकलेली आहे.

वाचने घेताना डोळ्यांचा भेद ठळकपणे जाणवला. माझ्या डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, उजव्याची व्हायची आहे. उजव्या डोळ्याला सावलीची कड धुकट आणि पिवळसर दिसते, कारण जुने नैसर्गिक भिंग प्रकाश विखुरते आणि निळा रंग अडवते. डाव्याला तीच कड कोरीव दिसते आणि वाचनांतली तफावत निम्म्याहून कमी होते. शस्त्रक्रियेत बसवलेले भिंग दूरच्या नजरेचे असल्याने मायक्रोमीटरचे आकडे वाचायला चष्मा लागतो, पण दुर्बिणीला त्याने काही बिघडत नाही, कारण नेत्रिका पुढेमागे करून फोकस साधता येतो. ज्यांची शस्त्रक्रिया ठरलेली आहे त्यांनी अन्वस्ताकार देण्याचे काम त्यानंतरसाठी राखून ठेवावे. घासणी आणि पॉलिश त्याआधी खुशाल उरकावे.

मांडणीसाठी डॉब्सन पद्धतीचा पेटीवजा आधार करणार आहे. जॉन डॉब्सन काही काळ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होते, १९६८ मध्ये त्यांनी पदपथावर लोकांना आकाश दाखवणारी मंडळी उभी केली आणि वयाच्या अठ्ठ्याण्णव्या वर्षी, २०१४ मध्ये निधन होण्यापूर्वी नव्वदीतही ते फिरून हे काम शिकवत होते. त्यांच्या आधारात प्लाय, सनमायका आणि टेफ्लॉनचे तुकडे एवढेच लागते. मी त्यात एकच बदल करणार आहे: नळी आणि पेटी वेगळ्या करून प्रत्येक भाग एकट्याने गच्चीवर नेता येईल इतका हलका ठेवायचा, आणि उंची बदलता येणारी बैठक पेटीबरोबरच तयार करायची. आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आणि १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही आकाशनिरीक्षकांची संघटना यांच्यामुळे पुण्यात या विषयातली जाणकार माणसे भेटणे कठीण नाही, म्हणून चकाकत्या मुलाम्याला देण्याआधी आरसा एखाद्या अनुभवी डोळ्याखालून घालण्याचा विचार आहे. तोवर लांब, बाजूला झुकणाऱ्या, इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारख्या स्ट्रोकचे छोटे फेर आणि प्रत्येक फेरानंतर चाचणी असा क्रम ठेवला आहे. कडेचे वाचन ०.८० च्या पुढे गेले की तिन्ही पट्ट्यांचा तक्ता इथे देईन.