साडेआठ ते साडेआठ : पुणे ते सासवड

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. पंचांगात सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची मानतात. वारीतला दिवस मात्र पहाटेच्या काळोखात, राहुट्यांची दोरखंडे सुटू लागली की उजाडलेला असतो. गेली अनेक वर्षे मी घराच्या गच्चीवर प्लास्टिकचे एक साधे पर्जन्यमापक ठेवून रोज साडेआठला त्यातले पाणी मोजत आणि वहीत लिहीत आलो आहे. त्यामुळे वारीला निघताना गच्चीची जबाबदारी पत्नीवर सोपवली, आणि वीतभर लांबीची दुसरी एक मोजनळी पिशवीत टाकून घेतली. दिंडीतल्या मंडळींना ती पहिल्याच दिवशी दिसली आणि तिचे नाव ‘नळी’ पडले.

ज्या दिवसाची हकीगत मी लिहीत आहे, तो ज्येष्ठ वद्य एकादशीचा, म्हणजे माउलींच्या पालखीने पुण्याचा दोन रात्रींचा मुक्काम हलवून सासवड गाठण्याचा दिवस होता. सुमारे तीस किलोमीटरची ही वाटचाल पालखीमार्गावरची सर्वांत मोठी मानली जाते. तिच्यात दिवे घाटाची चढण आहे आणि नेमका त्याच दिवशी उपवास असतो. ज्याने कोणी हे वेळापत्रक बसवले, त्याने वारकऱ्याच्या पोटाचा विचार केलेला दिसत नाही.

भवानी पेठेतून आम्ही निघालो तेव्हा अंधुक उजाडले होते आणि भुरभुर सुरू होती. या भुरभुरीचे वैशिष्ट्य असे, की तिने माणूस ओला होतो पण मोजनळी कोरडीच राहते. खात्याच्या व्याख्येप्रमाणे चोवीस तासांत अडीच मिलिमीटर पाऊस पडला तरच तो ‘पावसाळी दिवस’ म्हणून गणला जातो. रामटेकडीच्या अलीकडे घड्याळात साडेआठ झाले, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला थांबून वहीत ‘नोंद सुरू, आभाळ पूर्ण भरलेले, वारा पश्चिमेकडून’ असे लिहिले, आणि पुन्हा दिंडीत शिरेपर्यंत आमची पताका बरीच पुढे गेली होती.

दोन दिवसांपूर्वी पुण्यात शिरताना पालखी शिवाजीनगरातून आली होती, आणि तिथल्या वेधशाळेच्या जुन्या दगडी इमारतीकडे बघत मी क्षणभर रेंगाळलो होतो. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. त्याचे मुख्यालय शिमल्याहून १९२८ मध्ये पुण्याला आले आणि पुढे १९४४ मध्ये दिल्लीला गेले, परंतु पुणेकरांच्या तोंडी ही जागा अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणूनच आहे. देशाच्या पावसाचा हिशेब ठेवणाऱ्या या इमारतीजवळून, ज्यांचे सगळे वर्ष त्या हिशेबावर अवलंबून आहे असे हजारो शेतकरी टाळ वाजवत जातात, आणि तिच्याकडे मान वळवून कोणी पाहत नाही. त्यांचे अंदाज वेगळ्या ठिकाणी ठरतात.

ते कुठे ठरतात, हे हडपसरच्या विसाव्यात ऐकायला मिळाले. आर्द्रा नक्षत्र लागून पाच-सहा दिवस झाले होते आणि मृग बहुतेकांकडे कोरडाच गेला होता. चहा घेता घेता आर्द्रांचे वाहन कोणते यावर चर्चा रंगली, आणि कोल्हा आहे असे कळल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. पंचांगातल्या या वाहनांचे गणित अगदी सोपे आहे : सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून येणाऱ्या संख्येला ९ ने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरवायचा. बेडूक, म्हैस आणि हत्ती म्हणजे भरपूर पाऊस. कोल्हा आणि मेंढा म्हणजे ओढ. या भागाकारात ढग, वारा किंवा समुद्र कुठेही येत नाही, त्यामुळे माझा त्यावर विश्वास नाही. तरीही वहीच्या समासात प्रत्येक नक्षत्राचे वाहन मी लिहून ठेवतो, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या दिंडीत जिंतूर तालुक्यातल्या एक मावशी होत्या. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन त्या सगळी वाट चालत, आणि कुठेही थांबल्या की कमरेच्या पिशवीतला मोबाइल काढून घरी फोन लावत. पलीकडून कोणी ‘हॅलो’ म्हणण्याआधीच त्यांचा प्रश्न ठरलेला असे : “पाणी पडलं का रं?” त्या दिवशी हडपसरलाही पलीकडून नकार आला असावा, कारण मोबाइल पिशवीत टाकून त्या माझ्याकडे वळल्या.

“माउली, तुमच्या त्या नळीत कळतं का वो, आमच्याकडं कवा पडंल ते?”

“नाही मावशी, नळीला पडून गेलेला तेवढा कळतो.”

“मंग तिचा काय उपेग?”

माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्यांनी त्याची वाटही पाहिली नाही.

हडपसरला दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची सासवडकडे वळते. ज्ञानेश्वर आणि तुकाराम या दोघांच्या पादुका एकाच पालखीत घालून नेण्याची प्रथा तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. घोडे, तंबू, दिंड्यांचे क्रम ही आजची लष्करी शिस्त त्यांच्याच काळातली. तुकोबांची पालखी नजरेआड होताना मला नेहमी १६३०-३१ चा दुष्काळ आठवतो. त्यात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि घरचा व्यापार बुडाला. पावसाने मारलेल्या माणसाच्या पादुकांमागून पावसाची वाट बघणारी माणसे चालत जातात, हे दृश्य आपण इतके सवयीचे करून टाकले आहे की त्यातले विलक्षणपण जाणवेनासे झाले आहे.

उरुळी देवाची मागे पडेपर्यंत भुरभुर थांबली आणि असा उकाडा सुरू झाला की सदरे अंगाला चिकटले. वारा पूर्ण पडला होता. वडकीला दुपारचे जेवण म्हणजे वरईचा भात, दाण्याची आमटी आणि केळी. उपवासाचे जेवण पचायला हलके असते असे म्हणणाऱ्याने ते खाऊन लगेच घाट चढून पाहावा. समोर दिवे घाटाच्या वळणांवर पताकांची रांग आधीच चढू लागली होती आणि डोंगराच्या माथ्यावर ढग इतका खाली उतरला होता की वरची दोन वळणे दिसत नव्हती.

घाट सुमारे चार किलोमीटरचा आहे. माउलींच्या रथाला इथे नेहमीच्या बैलजोडीखेरीज आणखी जोड्या जुंपतात, आणि त्या बैलांच्या खुरांचा आवाज व गळ्यातल्या घुंगरांचा नाद टाळांतून वेगळा ऐकू येतो. खाली मस्तानी तलाव दिसला. पेशवेकालीन बांधीव तलाव आहे. त्या दिवशी त्यात पाणी होते, पण दगडी काठ बराच वरपर्यंत उघडा पडला होता. मस्तानीच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या कथांपेक्षा, डोंगराच्या पायथ्याशी नेमक्या जागी पाणी अडवणाऱ्या कोण्या अनाम गवंड्याच्या नजरेचे मला अधिक कौतुक वाटते.

दुसऱ्या वळणावर पाऊस आला. आधी खालच्या माळावरून पांढरा पडदा सरकत येताना दिसला, मग एकदम थंड वारा सुटला आणि पाठोपाठ टपोरी सर कोसळली. दिंडीत पळापळ झाली नाही. सर्वांत आधी प्लास्टिकच्या कागदाखाली गेला तो पखवाज, कारण त्याच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक भिजली तर बोलच उमटत नाही. पखवाजवादक स्वतः मात्र उघड्यावर भिजत राहिला. विणेकऱ्याने वीणा छातीशी धरून पाठ वाऱ्याकडे केली, आणि अभंग केवळ टाळांवर चालू राहिला. वाऱ्याच्या एका झोतात मावशींच्या वृंदावनातली तुळशीची एक फांदी मोडली. त्यांनी ती उचलली, कपाळाला लावली आणि पदराच्या गाठीत बांधली. मी हातातली मोजनळी उभी धरून चालत होतो, ज्याला शास्त्रीय मोजमाप म्हणता येणार नाही हे मला ठाऊक आहे. वीस मिनिटांत तिच्यात सहा मिलिमीटर पाणी जमले.

“पडू द्या, पडू द्या,” असे कोणीतरी मागून म्हणत होते. शहरातला माणूस पाऊस आला की ‘झालं का सुरू’ म्हणतो. त्या घाटात हजारो माणसे नखशिखान्त भिजत होती, रात्री कोरडे अंथरूण मिळण्याची शक्यता मावळत होती, आणि तक्रारीचा एक शब्द कानावर आला नाही. हळहळ होती ती एवढीच, की हा पाऊस इथे डांबरावर पडतो आहे, शेतात नाही.

घाटमाथ्यावर पोहोचलो आणि पाऊस दार लावल्यासारखा थांबला. झेंडेवाडीच्या विसाव्याला रस्ता कोरडा होता, धूळसुद्धा उडत होती. दिवे घाट ज्या डोंगररांगेवर आहे ती भुलेश्वराची रांग सिंहगडाकडून निघून कात्रजवरून पूर्वेकडे जाते. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीच्या मुख्य धारेवर आपले बहुतेक पाणी ओततात; महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पुण्यापर्यंत पोहोचता पोहोचता तो सातशेच्या घरात उतरतो. त्यातून जे ढग तरतात त्यांना ही दुसरी रांग आडवी येते, आणि तिच्या पलीकडचे कऱ्हेचे खोरे पर्जन्यछायेत राहते. हे सारे मी अनेकदा वाचले होते, परंतु ओल्या सदऱ्यानिशी कोरड्या रस्त्यावर उभे राहिल्यावर ते पायांना समजले.

उजवीकडे, दूर दक्षिणेला, ढगांच्या फटीतून पुरंदर आणि त्याला जोडून असलेला वज्रगड दिसत होते. पुरंदर हे इंद्राचे नाव आहे आणि वज्र हे त्याचे आयुध. पावसाच्या देवाचे नाव लावलेला तालुका, शेजारी त्याचे शस्त्रही तयार, आणि उन्हाळ्यात गावोगाव पाण्याचे टँकर! ज्याने ही नावे ठेवली त्याला विनोदबुद्धी असावी, किंवा मोठी आशा. मात्र या कोरड्या हवेचेच एक देणे असे, की पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ नावाजलेले आहेत; पिकत्या अंजिराला दमट हवा मानवत नाही. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

याच किल्ल्याला मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी १६६५ च्या उन्हाळ्यात वेढा घातला होता. मुरारबाजी देशपांडे त्यात धारातीर्थी पडले, आणि जूनमध्ये झालेल्या तहात शिवाजी महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. इतिहासात तहाची कलमे नेमकी सापडतात. मला कुतूहल आहे ते त्या जूनमध्ये वर्षाऋतू वेळेवर आला होता का, आणि किल्ल्याच्या टाक्यांत किती पाणी उरले होते, याचे.

सासवडला तळावर पोहोचेपर्यंत सायंकाळ झाली होती. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंच केला आणि लाखांचा तो समुदाय एका क्षणात असा शांत झाला की दूर कुठेतरी बांधलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. मग हरवलेल्या वस्तूंची यादी वाचली गेली : एक चष्मा, एक काठी, घाटात निसटलेली चप्पल. सासवड हे सोपानकाकांचे गाव. ज्ञानेश्वरांनी १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली, आणि महिन्याभराने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, धाकट्या भावाने इथे कऱ्हेकाठच्या या गावात. पालखी सासवडला दोन रात्री राहते, आणि द्वादशीला सोपानकाकांची पालखी इथूनच पंढरीला निघते. भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ याचेही निधन १७२० मध्ये सासवडलाच झाले. त्याच्या समाधीकडे जायचे मी ठरवले होते, पण पायांनी नकार दिला.

रात्री पत्नीला फोन केला. गच्चीवर तोपर्यंत अकरा मिलिमीटर पाऊस झाला होता. मी झोपण्यापूर्वी मोजनळी रिकामी करून, राहुटीबाहेर उघड्यावर, दगडांच्या आधाराने सरळ उभी करून ठेवली. आभाळ उघडले होते आणि ढगांच्या मधून चांदण्या दिसत होत्या. वद्य एकादशीचा चंद्र उत्तररात्रीच उगवतो, त्यामुळे त्या चांगल्याच ठळक होत्या. रात्री पाऊस येईल असे वाटत नव्हते, आणि पत्र्यावर किंवा कापडावर थेंब वाजल्याचे मला ऐकूही आले नाही. पहाटे जाग आली तेव्हा पूर्वेला चंद्राची कोर होती आणि मावशी कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. शब्द कळले नाहीत.

सकाळी स्नान, द्वादशीचे पारणे आणि पिठल्या-भाकरीच्या रांगेत वेळ गेला. बरोबर साडेआठला वही घेऊन मी राहुटीमागे गेलो, तर मोजनळीत काठोकाठ पाणी होते, आणि त्या पाण्यात तुळशीची कालची मोडलेली फांदी मंजिऱ्यांसकट उभी होती. मी सासवडपुढची जागा कोरी सोडली आणि वही मिटली.