हिवाळी कोशिंबिरीची वही: दिवाळी ते संक्रांत

दिवाळीचा फराळ संपला त्या दिवशी ठरवलं, की होळीपर्यंत दुपारच्या जेवणात रोज एक वाडगा कच्च्या भाज्यांचा खायचा. आणि तो तोंडी लावण्यापुरता नको, त्यावर अर्धं जेवण निभावलं पाहिजे. संक्रांत झाली, वहीत ५२ नोंदी झाल्या आहेत. तुमच्यापैकी बरेच जण हाच उद्योग करता, म्हणून आतापर्यंत जे हाती लागलं ते मांडतो.

पहिला पंधरवडा जवळजवळ फुकट गेला. काकडी, टोमॅटो, थोडा कोबी, वर लिंबू. उन्हाळ्यात जे चालतं तेच करत होतो. वहीत ओळीने सारखंच लिहिलेलं सापडतं: ‘एकला खाल्लं, तीनला भूक.’ ‘खाल्ल्यावर अंगात हुडहुडी.’ पुण्यात सकाळी स्वेटर घालून फिरणाऱ्या माणसाला दुपारी गार काकडीचा वाडगा नको होतो, हे खरं तर शरीरच सांगत होतं. मंडईत मात्र त्याच दिवसांत लाल गाजरांचे ढीग, पाल्यासकट मुळे, मेथी, कांद्याची पात, लसणाची पात, आवळे, हरभऱ्याचे डहाळे असं सगळं पुढ्यात पडलेलं होतं. मी त्यांच्यावरून नजर फिरवून काकडी शोधत होतो. सोळाव्या दिवशी काकडी बंद केली आणि वहीला खरी सुरुवात झाली.

गाजरापासून सुरुवात केली, कारण त्यात चुकायला फारसं काही नाही असं वाटलं होतं. हिवाळ्यातलं लाल गाजर बारमाही केशरी गाजरापेक्षा रसाळ असतं, त्यामुळे मीठ कधी घालायचं यावर सगळी कोशिंबीर ठरते. पाव किलो किसाचे तीन भाग करून पाहिले. पहिल्यात किसल्याबरोबर मीठ: पंधरा मिनिटांत वाडग्याच्या तळाशी गुलाबी पाणी, कीस मलूल. दुसऱ्यात ताटात वाढताना मीठ: कीस खुटखुटीत, पण चव वरवरची, आत मुरलेली नाही. तिसऱ्यात आधी दाण्याचा कूट कालवून ठेवला आणि जेवायच्या पाच मिनिटं आधी मीठ घातलं. सुटलेलं पाणी कुटाने पिऊन घेतलं, त्यालाच दाटपणा आला आणि प्रत्येक किसाला चव लागली. तेव्हापासून हाच क्रम. पाव किलो गाजराला तीन मोठे चमचे कूट मला बरोबर वाटतो. कूट अगदी पीठ केलेला नको, दाताखाली कण यायला हवेत.

फोडणीबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण थंडीतल्या वाडग्याचा जीव तिच्यात आहे असं माझं ठाम मत झालंय. दोघांच्या वाडग्याला दीड चमचा शेंगदाणा तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हिरवी मिरची, आणि कढलं जागेवर उपडं करायचं ते थेट कुटावर. चर्र होतं, कुटाला पुन्हा एकदा भाजल्याचा वास येतो. त्याच क्षणी कालवायचं आणि पाच मिनिटांच्या आत जेवायला बसायचं. कच्चं असूनही पहिला घास कोमट लागतो. कढलं गाजराच्या किसाने पुसून घेतलं, तर तळाचं तेल केशरी झालेलं दिसतं. गाजराचा रंग ज्या द्रव्यांमुळे आहे ती तेलात विरघळणारी आहेत. थोडं तेल सोबत असलं, तर ती शरीरालाही नीट घेता येतात. आपल्याकडच्या बायकांनी गाजराला फोडणी चुकवली नाही, ती किती नेमकी गोष्ट होती.

मुळा थोडक्यात. किसला की उग्र होतो, कारण पेशी जितक्या फुटतात तितका तिखटपणा तयार होतो. पातळ चकत्या केल्या तर तोच मुळा मवाळ. भिजवलेली हरभरा डाळ जाडसर वाटून त्यात, कोवळा पाला बारीक चिरून, दही अगदी शेवटी. बीटवर माझ्याकडे सांगण्यासारखं फक्त एक: लिंबाऐवजी एक आवळा किसून घाला. बीटाचा मातकट वास जातो आणि जेवणानंतर पाणी प्यायलं की ते गोड लागतं.

आता मेथीचा घोळाणा, म्हणजे कच्च्या मेथीची कोशिंबीर. आईचं माहेर जळगावकडचं, त्यामुळे नाव लहानपणापासून कानावर होतं, पण स्वतः कधी केला नव्हता. पहिले चार दिवस इतका कडू झाला की घरात कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही. शेवटी मावशीला फोन लावला.

‘मेथी धुतलीस कधी?’

‘आत्ताच, चिरायच्या आधी.’

‘मग तर कडूच लागणार! रात्री धुऊन फडक्यावर पसरून ठेव. सकाळी पानं कोरडी झाली की चिर. आणि सुरी धारदार घे रे, चेंगरू नकोस तिला.’

‘मीठ किती घालू?’

‘मिठाला हात आखडू नकोस. कांद्याला आधी चोळ मीठ आणि मिरचीचा ठेचा, मेथी सगळ्यात शेवटी.’

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. एक मोठा कांदा बारीक चिरून त्याला मीठ आणि ठेचा बोटांनी चोळला, कांदा ओलसर झाला. त्यात कूट, एक चमचा कच्चं घाण्याचं तेल, थोडं लिंबू. मग एका लहान जुडीची कोरडी, बारीक चिरलेली मेथी वरून टाकून फक्त दोनतीनदा हलक्या हाताने घोळली. फरक इतका होता, की ताटातली भाकरी अर्धी राहिली आणि घोळाणा संपला. मीठ कडूपणा दाबतं, हे मला पुस्तकी माहीत होतं. मावशीच्या ‘हात आखडू नकोस’ने ते जिभेला पटलं. चेंगरलेल्या पानांचा रस बाहेर येतो तो कडू, हेही आता डोळ्यांनी कळतं: चिरायच्या पाटावर हिरवा डाग राहिला, की त्या दिवशीचा घोळाणा बिघडणार. याच रीतीने कांद्याच्या पातीचा घोळाणा केला, तो पहिल्याच दिवशी जमला. करडईची कोवळी पानं दोनदाच मिळाली. जून झाली की काटे येतात, तेव्हा दिसली तर लगेच घ्यावीत.

भुकेचा प्रश्न मात्र यातल्या कशानेच पूर्ण सुटत नव्हता. घोळाणा भाकरीबरोबर उत्तम, पण नुसता वाडगा पुरत नाही. इथे ज्वारी कामाला आली. रात्री अर्धी वाटी ज्वारी भिजत घालायची, सकाळी चिमूटभर मीठ टाकून कुकरला सात शिट्ट्या. ज्वारीच्या घुगऱ्याच या. दाणा शिजतो पण चिवटपणा सोडत नाही, प्रत्येक घास सावकाश चावावा लागतो. माझ्या मते पोट भरण्याचं अर्धं काम या चावण्यातच होतं. अर्धी वाटी कोरड्या ज्वारीच्या घुगऱ्या दोन माणसांच्या वाडग्याला पुरतात. नोंद क्रमांक ३१: ‘ज्वारी, गाजर, पात, कूट, फोडणी. एकला खाल्लं. सहाला चहाबरोबर काही नको वाटलं.’ ही ओळ लिहिताना मला फार आनंद झाला होता.

त्या आठवड्यात हरभऱ्याचे डहाळे घरी आणले. सोलताना बोटं चाटून पाहा, आंबट लागतात. हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर बारीक लव असते, तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. हीच आंब. शेतकरी पहाटे दंव पडलेल्या हरभऱ्यावर फडकं फिरवून, पिळून ती गोळा करत. कच्चे सोलाणे कोशिंबिरीत गोड लागतात, पण माझ्या मते त्याहून सरस हावळा. घाटे सालीसकट लोखंडी कढईत झाकण ठेवून, सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत भाजले आणि मग सोलले. दाणा आतून वाफेवर शिजलेला, बाहेरून धुराच्या वासाचा. गरम असतानाच लसणाची पात, लिंबू, थोडा जवसाचा कूट. यात कोणतीही फोडणी घालू नका, धुराचा वास मरतो. हा वाडगा मी सलग पाच दिवस केला.

मोड आलेली मटकी लवकर सोडून दिली. एरवी एका रात्रीत येणारे मोड थंडीत दोन दिवस घेत होते, आणि फडकं गार पडून एकदा वास धरला. उबेची जागा म्हणून बंद डब्यात कोमट पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवून जमलं, पण ओला हरभरा समोर असताना इतका खटाटोप का करायचा?

भोगीच्या दिवशी बायको सुगडं भरत होती. गाजर, बोरं, उसाची कांडी, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळ. मी शेजारी उभा राहून एकेक वस्तू पाहत होतो आणि लक्षात आलं, की मी दोन महिने वहीत जे जुळवत होतो, ते या मातीच्या सुगडात आधीपासूनच एकत्र आहे. तिला म्हटलं, ‘यातलं थोडं मला बाजूला ठेव.’ ती म्हणाली, ‘उद्या वाण देऊन होऊ दे, मग काय ते घे.’

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी केलेला वाडगा असा: गाजराच्या बारीक फोडी, सोलाणे, गावठी बोरांचा गर (बिया काढायला वीस मिनिटं लागतात, त्याला इलाज नाही), ज्वारीच्या घुगऱ्या. ऊस तुकडे करून घालता येत नाही, चोथा राहतो, म्हणून साखरेऐवजी दोन चमचे ताजा उसाचा रस, त्यात लिंबू आणि सैंधव. वरून भाजून अर्धवट कुटलेले तीळ, भरपूर. बोराचा आंबट-तुरटपणा आणि उसाचा गोडवा एकमेकांना इतके धरून राहिले, की मिरची घालायचं विसरलो तेही कोणाला कळलं नाही. आईने वाडगा दोनदा घेतला. पुढच्या वेळी बोरं थोडी अधिक आणि गाजर थोडं कमी करणार आहे, रंगासाठी गाजर वाढवलं होतं आणि त्याने तीळ झाकले गेले.

आता हुरडा राहिलाय. गावाहून गुळभेंडी ज्वारीची कणसं या रविवारी येणार आहेत. ती गोवरीच्या आरावर भाजून, हातावर चोळून काढलेला हुरडा घट्ट दही आणि लसणाच्या चटणीबरोबर कालवायचा विचार आहे. हुरडा गार झाला की कडक होतो, म्हणून दही आधी खोलीच्या तापमानाला आणून ठेवायचं. कूट घालायचा की नाही हे अजून ठरत नाही. हुरड्याला स्वतःचाच इतका गोडवा असतो, की पहिला वाडगा कुटाशिवायच करून बघेन.